नारायणरावांच्या शर्टाचा रंग

मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये सहदेवराव लहान्यांनी छत्तीस वर्षं पांढरा रंग पाहण्याची नोकरी केली. हुद्दा ग्रेडरचा. कापसाची गाडी फाटकातून आत आली की सहदेवराव तिच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायचे, आतला मूठभर कापूस ओढून काढायचे, उजेडाकडे धरायचे आणि एक डोळा मिटून सांगायचे, हा पहिल्या वेचणीचा, हा दव वाळू न देता वेचलेला, आणि हा वरून पहिल्या वेचणीचा पण खाली किडकी कवडी भरलेला. वर चांगला माल आणि खाली डागी माल भरून आणणारे त्यांना वचकून असत. दुधाळ, सायीचं, पावसात भिजून पुन्हा वाळलेलं, अशी पंचवीस-तीस पांढरी त्यांच्या डोक्यात वेगवेगळ्या खणांत ठेवलेली होती.

बाकीच्या रंगांशी मात्र त्यांचा फारसा संबंध आला नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला पुष्पाबाईंनी मोरपंखी साडी सांगितली, तर हे पोपटी घेऊन आले आणि "हिरवीच तर हाये" म्हणून दोन दिवस भांडले.

निवृत्त होऊन ते उंद्रीला, आपल्या गावी परत आले. शेत बटईनं दिलेलं, मुलगी प्रतीक्षा लग्न होऊन पुण्याला, घरात दोघंच. मग त्यांच्या डोळ्यानं घरातलं पांढरं तपासायला घेतलं. ज्वारीच्या पिठात भेसळ दिसू लागली, मिठात पिवळी झाक दिसू लागली. चादर वाळत घातली की सहदेवराव तिच्याखाली उभे राहून म्हणत, "अवं, हे मागच्या धुण्यापेक्षा एक नंबरानं उतरली." पुष्पाबाईंनी तीन महिने सहन केलं. मग पुण्याला फोन लावला.

"प्रतीक्षा, तुह्या बाबाले कायले तरी लाव. नाहीतर मी तरी तिकडं येते, नाहीतर तुह्या बाबाले तरी धाडते."

प्रतीक्षानं आठवड्याभरात एक खोकं पाठवलं. त्यात करंगळीएवढ्या उंचीचा एक परदेशी शिपाई होता, पण सुटा सुटा: हात वेगळे, डोकं वेगळं, टोपी वेगळी. सोबत डिंकाची नळी, रंगाच्या बारा बाटल्या आणि तीन ब्रश. त्यातला सर्वांत बारीक ब्रश पुष्पाबाईंना आधी सुईच वाटला. कागदावर लिहिलं होतं की कोटाला 'फील्ड ग्रे' लावा. सहदेवरावांनी त्या नावाची बाटली उघडली, काडीनं ढवळली आणि ते खुर्चीतून उठलेच.

"अवं, हे पाह्य! नाव ग्रे आणि आत हिरवा! आमच्या जिनिंगमध्ये अशी चिठ्ठी लावली असती तर गाडी फाटकातूनच परत गेली असती."

प्रतीक्षाला फोन झाला. तिनं मोबाइलवर काही व्हिडिओ पाठवले. सहदेवरावांना इंग्रजी बेताचंच येत होतं, पण तेवढ्यातही त्यांना कळलं की जगात कुठे कुठे पांढऱ्या दाढ्यांचे म्हातारे बसलेले आहेत आणि याच एका कोटाच्या रंगावरून ते एकमेकांशी भांडत आहेत. कुणी म्हणे हिरवट करडा, कुणी म्हणे करडा हिरवट. सहदेवराव दुपारचं जेवण विसरून ते भांडण बघत राहिले. इतक्या दिवसांनी कुणीतरी त्यांच्या भाषेत बोलत होतं.

वर्षभरात त्यांच्या खिडकीत सात शिपाई उभे राहिले. पिठामिठाची तपासणी थांबली. पुष्पाबाई सुटल्या.

आठवा शिपाई त्यांच्या गळ्यात पडला तो नारायणराव परिहारांमुळे. नारायणराव गावातलेच, वय शहात्तर, पायदळातून हवालदार होऊन निवृत्त झालेले. एकाहत्तरच्या लढाईत ते पूर्वेच्या आघाडीवर होते, आणि हे गावात ज्याला माहीत नाही असा माणूस बहुधा काल जन्मलेला असावा. ते एकदा पुष्पाबाईंकडे ताक न्यायला आले, खिडकीत शिपाई दिसले, आणि ताक तिथंच राहिलं.

"सहदेव, हे सारे परदेशी काऊन बे? आपला एकबी नाही?"

"आपल्याचं खोकं भेटत नाही भाऊ."

"खोकं भेटत नाही तर मी हावो ना! मले कर."

दुसऱ्या दिवशी ते घरून एक फोटो घेऊन आले. कृष्णधवल, तळहाताएवढा, कडा कातरलेल्या. बावीस-तेवीस वर्षांचा नारायण छाती काढून उभा, मिशीला पीळ, अंगात गणवेशाचा शर्ट. मागे रंगवलेला पडदा, त्यावर कारंजं आणि दोन हंस.

"हा लढाईतला फोटो," नारायणराव म्हणाले.

सहदेवरावांनी हंसांकडे पाहिलं. मोठ्या माणसाला काय विचारायचं?

"शर्टाचा रंग कोणता भाऊ?"

"ऑलिव्ह ग्रीन. दुसरा कोणता असन?"

आता ऑलिव्ह म्हणजे काय हे उंद्रीत कुणी पाहिलेलं नव्हतं. सहदेवरावांच्या बाटल्यांत त्या नावाच्या तीन निघाल्या, तिन्ही वेगळ्या. त्यांनी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर तिन्हींचे ठसे काढले, वाळू दिले, आणि पत्रिका घेऊन बसथांब्याजवळच्या चहाच्या हॉटेलात गेले. तिथं सकाळी नारायणराव बसत. आणि त्यांच्यामागच्या बाकड्यावर, त्यांच्याकडे पाठ करून, पुंजाजी अंभोरे बसत.

पुंजाजीही माजी सैनिक. दोघं एका दिवशी, एका बसनं भरतीला गेलेले. पुढे पलटणी वेगळ्या झाल्या, नारायणराव पूर्वेला गेले, पुंजाजी पंजाबच्या सीमेवर. परत आल्यापासून दोघांचं काहीतरी बिनसलं होतं. काय, ते कुणाला ठाऊक नव्हतं. पाठ करून बसायचे, पण एक मेला तर दुसऱ्यानं चहा कुणाकडे पाठ करून प्यायचा, म्हणून दोघंही रोज यायचे.

नारायणरावांनी मधल्या ठशावर बोट ठेवलं. "हा. मुगाच्या कवळ्या शेंगेवानी."

पुंजाजी न वळता म्हणाले, "मुगाची शेंग! फौजेत होता का भाजी बाजारात?"

"तू पाहून तर घे बे आधी!"

"पाह्याची गरज नाही. आमचा शर्ट भुरकट होता. मातीत मिसळला पायजे, तवा तो फौजेचा रंग."

"तुमच्या इकडं मातीच होती. आमच्या इकडं धानाची शेतं होती, पाणी होतं. हिरवाच पायजे!"

हॉटेलात बसलेल्या बाकीच्यांनी मग त्यात हात धुऊन घेतले. कुणी तुरीचं पान म्हणालं, कुणी दुसऱ्या दिवसाची मेथी. एकानं तर कारलं सुचवलं, त्याला दोन्ही सैनिकांनी मिळून गप्प केलं. सहदेवराव प्रत्येकाचं म्हणणं पत्रिकेच्या कोपऱ्यात लिहून घेत होते. लोकांना वाटलं होतं गंमत चालली आहे. त्यांना तसं वाटत नव्हतं.

शेवटी नारायणरावांनी ट्रंकेतला गणवेश काढला. तो शहाऐंशी सालचा, निवृत्तीच्या वेळचा. सहदेवरावांनी कापड बोटांत चोळलं आणि तोंड वाकडं केलं. "टेरिकॉट!" कापसात हयात घालवलेल्या माणसानं हा शब्द जसा उच्चारावा तसाच त्यांनी उच्चारला. पण शिवणीच्या आतला, ऊन न लागलेला रंग खरा असणार. गणवेश घेऊन ते चिखलीला रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार अविनाशकडे रंग ओळखायचं यंत्र होतं. यंत्रानं शिवण पाहिली, आकडा दिला, रंग कालवला, पण एक लिटरपेक्षा कमी द्यायला तयार होईना.

"काका, कंपाउंड रंगवता का बंगला?"

"शर्ट," सहदेवराव म्हणाले. "एवढा." आणि त्यांनी अंगठ्याचं नख दाखवलं.

भिंतीचा रंग तो, परदेशी खोक्यातूनच तासून घेतलेल्या बाहुल्यावर जाडच बसणार होता. पण नमुना म्हणून तरी मिळाला. घरी येऊन त्यांनी त्या नमुन्याबरहुकूम बाटल्यांतून रंग जुळवला. त्यात त्यांना एक शोध लागला, की काळ्यात पिवळा टाकला तर हिरवा होतो. हे त्यांनी पुष्पाबाईंना तीनदा करून दाखवलं. उरलेल्या लिटरात न्हाणीघराचं दार निघालं, आणि ते आजही फौजी आहे.

रंग शिवणीशी केसभरही चुकत नव्हता. शेजारी शेजारी धरलं तर फरक काढून दाखवणाऱ्याला सहदेवरावांनी नमस्कार केला असता. तोच रंग त्यांनी बाहुल्याला लावला, वाळवला आणि उन्हात धरला. शर्ट जवळजवळ काळा.

"जळालं का हो भरीत?" पुष्पाबाईंनी जाता जाता विचारलं.

सहदेवरावांनी त्यात पांढरा टाकला. पांढऱ्यावर त्यांचा जन्माचा विश्वास. पण हिरव्याला पांढरा लागताच शर्ट दुधीभोपळ्याचा झाला. पुसला, परत लावला. तीन दिवस हेच. पांढऱ्यानं त्यांना असा दगा आजवर दिला नव्हता, त्यामुळे ते जेवताना भाताकडेही रागानं बघत.

चौथ्या दिवशी मोबाइलवरच्या एका दाढीवाल्यानं कोडं उलगडलं. वस्तू लहान केली की तिच्यावर तोच रंग गडद दिसतो. लांबच्या माणसाचे कपडे जसे हवेमुळे फिकट दिसतात, तसाच लहान बाहुल्याचा रंगही उतरवून लावायचा. किती उतरवायचा? ते म्हणे डोळ्यानं ठरवा.

डोळ्यानं! सहदेवराव ताबडतोब नारायणरावांकडे गेले.

"भाऊ, गणवेश घाला आणि माह्या वावरात चला. धुऱ्यावर उभं राहा. तुम्ही बाहुल्याएवढे दिसेपर्यंत मी मागं मागं जातो."

नारायणरावांना यात काही वावगं वाटलं नाही. फौजेत याहून विचित्र हुकूम पाळलेले. अडचण गणवेशाची होती. पँट चढली, शर्ट चढला, पण पोटावरचं बटण काजापासून चार बोटं लांब राहिलं. शेवटी श्वास रोखून लागलं.

"आता जास्त बोलाले लावू नको," ते बारीक आवाजात म्हणाले.

सकाळचे नऊ वाजले होते. हरभरा घाट्यावर, शेंगांवर आलेला. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नारायणराव सावधान उभे राहिले, छातीवर पदकांची पट्टी. सहदेवराव हरभऱ्याच्या तासांमधून, ओळींच्या मधून, उलटे चालत मागे निघाले, एक डोळा मिटलेला, हात लांब केलेला, आणि हातात बाहुला. अधूनमधून ते ओरडत, "दोन पावलं डावीकडं!" आणि नारायणराव श्वास न सोडता दोन पावलं डावीकडं होत. तीस पावलांवर नारायणराव आणि बाहुला सारख्या उंचीचे झाले.

आणि खरंच, शर्ट फिका दिसत होता. शिवणीतला रंग कुठच्या कुठे गेला होता. नुसता फिका नाही, त्यात मातीची झाक मिसळली होती. सहदेवरावांना आपली चूक कळली: पांढरा नव्हे, मातकट टाकायला हवा होता. त्यांनी खिशातून पत्रिका काढली, उभ्या उभ्या ठसे धरून बघायला सुरुवात केली आणि आकडे लिहू लागले.

रस्त्यावरून जाणाऱ्यांना हे वेगळं दिसत होतं. एक गणवेशातला माणूस ताठ उभा. दुसरा डोळा लावून मोजमाप करतो, कागदावर लिहितो, पहिल्याला डावीकडे उजवीकडे सरकवतो. पंधरा मिनिटांत गावात बातमी गेली की नव्या रस्त्याची मोजणी आली. बंदोबस्तासह. त्याच्या मागून दुसरी बातमी गेली की रस्त्याची नाही, विजेची धाड आहे. तेव्हा ओढ्यापलीकडच्या तारांवरचे आकडे पटापट उतरले आणि पाण्याच्या चार मोटारी एकदम बंद पडल्या. शेजारच्या वावराचे मालक उत्तमराव सातबारा, फेरफार आणि थर्मासभर चहा घेऊन धावत आले.

"साहेब," धापा टाकत ते सहदेवरावांच्या पाठीला म्हणाले, "रस्ता न्या, माही ना नाही. फक्त ते विहिरीपासून दोन तास सरकवा."

सहदेवराव वळले.

"सहदेव? तू? तू कवाचा सरकारात गेला बे?"

"मी शर्ट पाहून राह्यलो."

"कोणाचा?"

सहदेवरावांनी धुऱ्याकडे बोट दाखवलं. नारायणरावांनी ओळखीचा आवाज ऐकून हात वर केला, आणि त्या हालचालीत पोटावरचं बटण सुटून हरभऱ्यात गेलं. मग तिघांनी मिळून ते शोधलं. बटण सापडलं नाही. थर्मासमधला चहा मात्र तिघांनी धुऱ्यावर बसून प्यायला, आणि तोपर्यंत सत्तर-ऐंशी माणसं जमली होती, त्यांना काय सांगायचं हा प्रश्न होता. नारायणरावांनी खरं ते सांगितलं. कुणी विश्वास ठेवला नाही. रस्ता येणार ही गोष्ट उंद्रीत अजून पक्की धरली जाते.

रंग जमला. ऑलिव्हच्या चार थेंबांत मातकटाचा एक, आणि घड्यांच्या खाली किंचित काळा. आता फोटो बघून बारीकसारीक उतरवायचं राहिलं: खिशाची झाकणं, खांद्यावरच्या पट्ट्या. त्यासाठी सहदेवरावांनी जिनिंगमधलं आपलं भिंग काढलं, ज्याखाली ते रुईचा तंतू पाहत. खिडकीशी बसून त्यांनी फोटो त्याखाली धरला. बाही पाहिली. कॉलर पाहिली. परत बाही पाहिली.

सुती कापडाची घडी मोडली की धारदार मोडते. ही घडी गोल पडली होती. मनगटापाशी, जिथं उजेड तिरपा येत होता, तिथं कापडावर लव दिसत होती. सहदेवरावांनी भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला, परत पाहिलं. मग चप्पल घालून सरळ नारायणरावांच्या घरी.

"भाऊ, हा शर्ट सुती नाही. यात लोकर हाये."

नारायणराव पेपर वाचत होते. पेपर खाली आला. त्यांनी उठून आधी दार लावलं.

"हळू बोल."

"तुम्ही त म्हणत होते तिकडं सुतीच होता."

"सुतीच होता. माहा सुतीच होता." नारायणराव खाटेवर बसले. बराच वेळ त्यांनी पेपराची घडी केली, उलगडली, परत केली. "लढाई झाल्यावर सुटीवर आलो. बहात्तरचा फेब्रुवारी. मलकापूर स्टेशनवर उतरलो त पुंज्या दुसऱ्या गाडीतून उतरला. दोघं जित्ते! गळ्यात गळा घालून रडलो फलाटावर. मग म्हटलं, फोटो काढू. पण माह्या शर्टावर गाडीत कोणाच्या तरी लोणच्याची बरणी फुटलेली. अख्खी छाती तेलानं भरलेली. पुंज्यानं स्वतःच्या अंगातला काढून देला. त्याचा अंगोला होता, लोकर मिसळलेला, थंडीतला."

"मग?"

"मग माहा फोटो निघाला. आणि फोटोवाला म्हणे, रोल संपला. उद्या या. आमची बस लागली होती."

"म्हणजे पुंजाजीभाऊचा—"

"नाही निघाला. पुढं कवाच नाही निघाला, त्या वयाचा." नारायणराव दाराकडे बघत म्हणाले, "पुंज्याले सांगू नको."

सहदेवराव गोंधळले. "शर्ट त्याचाच हाये त त्याले माहीतच असन ना?"

"त्याले माहीत हाये. पण मले आठवते, हे त्याले माहीत नाही."

सहदेवराव घरी आले तेव्हा त्यांचं डोकं दोन कारणांनी गरगरत होतं. एक कारण माणसाचं होतं. दुसरं असं, की फोटोतला रंग खरा करायचा तर तो अंगोल्याचा हवा, आणि अंगोल्याचा रंग सांगणारा माणूस गावात एकच.

दुसऱ्या दिवशी ते पुंजाजींच्या वावरात गेले. पुंजाजी बांधावर बसून घाटे सोलून खात होते. सहदेवरावांनी फार चतुराईनं, हवापाण्यावरून सुरुवात करून, विषय पंजाबच्या थंडीवर आणला.

"अंगोला शर्ट म्हणजे कसा असते हो भाऊ?"

पुंजाजींनी दाणे तोंडात टाकले. "फोटो पाह्यला ना तू?"

सहदेवराव बांधावर त्यांच्या शेजारी बसले.

"अर्धा घंटा बनियानवर बसलो मी त्या फोटोवाल्याच्या पायरीवर. स्टेशनातल्या बाया पाहून पाहून हासत होत्या. आणि हा आतमधी मिशी पिळून राह्यला! फोटो काढून बाहीर आला त म्हणते कसा, 'पुंज्या, रोल संपला बे.' शर्ट देला परत, पण थँक्यू नाही. त्यानंतर पन्नास वर्षं मी वाट पाह्यली का हा कवातरी म्हणन, शर्ट पुंज्याचा होता. याच्या घरी गेलो का फोटो भिताडावर. पंधरा ऑगस्टले माह्या शर्टाले हार घालून राह्यले लोकं!"

एवढं बोलून ते थांबले. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "रंग पायजे ना तुले? ऊठ."

त्यांनी सहदेवरावांना हरभऱ्यात नेलं. एक घाटा तोडला, बघितला, फेकला. "कच्चा." दुसरा तोडला. "हा पिकला, पिवळा झाला." मग दोघं वाकून तास तास हिंडले. सहदेवरावांनी एकदा एक घाटा पुढं केला, तर पुंजाजी म्हणाले, "हा धुतल्यावरचा. मी न धुतलेला सांगून राह्यलो." बऱ्याच वेळानं, एका वाळत आलेल्या झाडाच्या बुडाशी पुंजाजींना तो सापडला. हिरवा जाऊन भुरका व्हायचा, पण पिवळा अजून न शिवलेला. त्यांनी तो तळहातावर ठेवला आणि उन्हापासून आडोसा करून धरला.

"हा. ज्या दिवशी मलकापूरले उतरलो, त्या दिवशीचा."

सहदेवरावांनी घाटा खिशात घातला नाही, सुकून रंग बदलेल म्हणून हातातच धरून धावत घरी आले आणि पुष्पाबाईंना हाक मारून म्हणाले, "अवं, चहा नको, पाणी नको, कोणी आलं त मी नाही म्हणून सांग." तासाभरात रंग बाटलीत होता. मग त्यांनी प्रतीक्षाला फोन करून दुसरं खोकं मागवलं.

पंधरा दिवसांनी एका सकाळी सहदेवराव बुटांचा डबा घेऊन हॉटेलात आले. दोघं म्हातारे नेहमीसारखे पाठीला पाठ लावून बसलेले. सहदेवरावांनी मधल्या टेबलावर दोन शिपाई उभे केले. चेहरे दोघांचे तरुणपणचे. पुंजाजींचा त्यांच्या नातवाकडे बघून बनवला होता, नातू नाकाडोळ्यांनी आजोबांवर गेलेला. एकाचा शर्ट हिरवा, सुती, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. दुसऱ्याचा भुरकट, जाड, घड्या गोल.

नारायणरावांनी चष्मा चढवला. "हे काय? फोटोत त माह्या अंगात—" आणि ते अडकले.

सगळं हॉटेल बघत होतं. चहावाल्यानं गॅस बारीक केला. पुंजाजी वळले नव्हते, पण त्यांचे कान वळलेले दिसत होते.

"फोटोतला शर्ट पुंज्याचा हाये," नारायणराव म्हणाले. आवाज मोठा निघाला, कदाचित त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा. "माहा लोणच्यानं भरला होता. त्यानं अंगातला काढून देला. मले तवाच सांगायले पायजे होतं, मी नाही सांगतलं. घ्या, आता सांगतलं."

पुंजाजी सावकाश फिरले. पहिल्यांदा त्यांनी आपला शिपाई उचलला आणि डोळ्यांजवळ नेला. बोटानं शर्टाला स्पर्श करायला गेले, पण केला नाही. मग त्यांनी नारायणरावांचा शिपाई उचलला, पुढून पाहिला, मागून पाहिला.

"सहदेव," ते म्हणाले, "हा चुकला."

सहदेवरावांनी खिशातून भिंग काढलं. "काय चुकलं भाऊ? रंग?"

"लोणच्याचा डाग कुठी हाये?"

हॉटेल हसलं. नारायणराव उसळले, "खबरदार सहदेव, डाग लावशील त!" पण सहदेवराव हसले नव्हते. ते विचारात पडले होते.

"तेलाचा डाग हिरव्यावर लाल नाही दिसत," ते म्हणाले. "गडद दिसते. ओल्यावानी. कडेले फक्त थोडा केशरी. कायचं लोणचं होतं?"

"आंब्याचं," नारायणरावांच्या तोंडून निघून गेलं.

"लिंबाचं," पुंजाजी म्हणाले. "मी वास घेतला ना गळ्यात पडलो तवा."

त्यावर अकरा वाजेपर्यंत वाद झाला, आणि तो समोरासमोर बसून झाला. शेवटी नारायणरावांनी एका टिपक्याला परवानगी दिली. बारीक, खिशाच्या खाली, आणि लोणचं कायचं ते कळणार नाही असा.

नारायणरावांचा शिपाई आता त्यांच्या टीव्हीवर असतो. कुणी पाहुणा आला की ते फोटो आणि बाहुला दोन्ही दाखवतात आणि शर्टाची गोष्ट सांगतात. गोष्टीत बरणी दर वेळी मोठी होते.

पुंजाजींचा शिपाई बघायला सहदेवराव महिन्याभरानं गेले, तर तो घरात नव्हता. अंगणात, तुळशीच्या कठड्यावर, भर उन्हात उभा.

"भाऊ! उन्हात नका ठेवू! रंग उडन!"

"उडाले पायजे," पुंजाजी खाटेवरून म्हणाले. "तू नवा कोरा शर्ट देला. माहा पंजाबात तीन महिने उन्हातान्हात फिरलेला होता. आठ दिवसांपासून ठेवून राह्यलो. पाह्य बरं, आला का रंगावर?"

सहदेवरावांनी वाकून पाहिलं. भिंग काढून पाहिलं. त्या रंगाला आठ दिवसांत काही होत नसतं, हे बाटलीवर लिहिलेलं होतं, आणि डोळ्यांनाही तसंच दिसत होतं. पुंजाजी खाटेवर उठून बसले होते आणि त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"आला थोडा," सहदेवराव म्हणाले. "खांद्यावर आला."

"मी म्हटलंच," पुंजाजी म्हणाले आणि त्यांनी आत सुनेला चहाची हाक दिली.